शस्त्राचे गुपित आणि रोगाचे गुपित

‘शीर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे, की तिचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. राष्ट्ररक्षणाच्या चर्चेत मात्र ती नेमकी उलटी करून वापरण्यात येते. पगडी म्हणजे राष्ट्राचा दरारा आणि त्याचे शस्त्रागार. शीर म्हणजे त्या राष्ट्रात राहणाऱ्या माणसांची धडधाकट शरीरे. पगडी शोभून दिसावी म्हणून शिराचे काय होत आहे, असे जो विचारील तो देशाचा वैरी, हा न्याय आमच्यात शिष्टसंमत होऊन बसला आहे. आणि अण्वस्त्रांच्या बाबतीत तर त्यास कायद्याचाही आधार लाभला. प्रस्तुत लेखात आम्हांस प्रतिपादन करावयाचे आहे ते एवढेच, की शस्त्राचे गुपित राखण्याचा अधिकार सरकारास असला, तरी रोगाचे गुपित राखण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही. पहिल्याच्या पांघरुणाखाली दुसरे दडविणे हा लोकारोग्याशी केलेला द्रोह होय.

भारताने अण्वस्त्रे बाळगावीत की नाहीत, हा वाद आम्ही येथे मुद्दामच बाजूस ठेवतो. १९७४ साली आणि पुन्हा १९९८ साली पोखरण येथे स्फोट झाले, तेव्हा कोणी पेढे वाटले, कोणी खेद केला. परंतु पेढे वाटणाऱ्यास आणि खेद करणाऱ्यास फुप्फुसे सारखीच असतात, आणि किरणोत्सर्गी धूळ आत शिरताना कोणाचे राजकीय मत विचारीत नाही. म्हणून आमचे म्हणणे दोन्ही पक्षांस सारखेच लागू आहे.

लोकारोग्याचा गाडा कशावर चालतो, हे समजण्यास मोठे ग्रंथ चाळावे लागत नाहीत. इंदापूर तालुक्यातील आमच्या सणसर गावी आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीहून येऊन मुक्काम करते. एका रात्रीत गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणूस तेथे उतरतो. पंढरीची वारी आणि पटकी यांचे नाते एके काळी किती जिवघेणे होते, हे मागल्या पिढ्यांस पुरते ठाऊक होते. ते नाते तुटले ते नवसाने नव्हे. विहिरी तपासल्या जाऊ लागल्या, पाण्यात औषध पडू लागले, आणि कोणते पाणी पिऊ नये हे मोठ्याने सांगण्यात येऊ लागले, म्हणून ते तुटले. आज महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींस पाण्यातील जोखमीप्रमाणे लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. लाल कार्ड मिळाले म्हणजे सरपंचास खाली मान घालावी लागते. पण त्या खाली घातलेल्या मानेतूनच टीसीएल पावडरीचे पोते वेळेवर येते आणि फुटलेली नळी दुरुस्त होते. ‘आमच्या विहिरी दूषित आहेत हे शत्रूस कळेल’, असे म्हणून कोणा ग्रामसेवकाने कार्ड कुलपात ठेवले, तर गावकरी त्यास वेड्यात काढतील. सारांश, रोग हा अंधारात वाढतो आणि वार्ता हे त्यावरील पहिले औषध आहे.

आता सणसरच्या ग्रामपंचायतीस लावलेला हाच मापदंड घेऊन आपण मुंबईस जाऊ. महानगराच्या हद्दीतच, चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बे येथे, देशाच्या अणुसंशोधनाचे मुख्य पीठ आहे. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ‘सायरस’ ही अणुभट्टी तेथे १९६० साली सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. ‘ध्रुव’ ही दुसरी भट्टी १९८५ साली पेटली. १९७४ च्या स्फोटास लागलेले प्लुटोनियम ‘सायरस’मधून निघाले होते. हे प्लुटोनियम काढावयाचे म्हणजे जळून निघालेले इंधन आम्लात विरघळवावे लागते, आणि त्यातून उरणारा तीव्र किरणोत्सर्गी द्रव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. या कामात हात घालणारे शास्त्रज्ञ आहेत, तसेच झाडलोट करणारे, नळ जोडणारे, कंत्राटावर आलेले मजूरही आहेत. त्यांच्या शरीरावर देखरेख कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. परंतु ते अणुऊर्जा आयोगाच्याच अधीन ठेवण्यात आले, आणि आयोगाचे अध्यक्ष तेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच ओसरीवर पहारेकऱ्याने बसावे, असा हा प्रकार. मंडळ पुरेसे स्वतंत्र नाही, असा ठपका २०१२ साली खुद्द महालेखापालांनी ठेवला. तरीही या पहारेकऱ्याने एकदा आपले काम चोख बजावले होते. १९९५ साली, डॉ. ए. गोपालकृष्णन हे अध्यक्ष असताना, मंडळाने अणुऊर्जा खात्याच्या संस्थांतील सुरक्षिततेच्या सुमारे १३० उणिवांचा अहवाल तयार केला. हेच त्या खात्याचे लाल कार्ड होते. ते जाहीर व्हावे म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ या संस्था मुंबईच्या उच्च न्यायालयात गेल्या. सरकारने राष्ट्राच्या सुरक्षिततेचा हवाला दिला आणि १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील १८ वे कलम पुढे केले. उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायालयांनी कायद्याचा अर्थ लावला. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते असा कायदा निमूटपणे सोसणाऱ्या आपणा सुशिक्षितांशी.

खटला चालू असतानाच याहून मोठी गोष्ट घडली, आणि तिचा गाजावाजा झाला नाही. २००० साली सरकारने भाभा अणुसंशोधन केंद्रातील संस्था नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून घेतल्या आणि तेथील सुरक्षिततेचे काम केंद्राच्याच अंतर्गत समित्यांकडे सोपविले. पोखरणच्या दुसऱ्या स्फोटास तेव्हा दोन वर्षे झाली होती. ओसरीवरील पहारेकरीही नको झाला. यापुढे घरधन्यानेच आपल्या घरावर पहारा करावयाचा! २०२५ च्या अखेरीस संसदेने १९६२ चा कायदा दूर सारून नवा कायदा केला आणि नियामक मंडळास कायद्याचे अधिष्ठान दिले, ही गोष्ट चांगली झाली. पण माहिती गुप्त ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याच मुठीत ठेवला आहे. अधिष्ठान मिळाले, पण आवाज मिळाला की नाही, हा प्रश्न तसाच उरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ‘ट्रॉम्बे येथील बारीकसारीक गोष्टी उघड झाल्या, तर त्यांवरून शत्रू आपल्या शस्त्रबळाचा हिशेब मांडील.’ या आक्षेपात तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. किती प्लुटोनियम निघाले, ते कोठे ठेवले, बाँबची रचना कशी आहे, या गोष्टी खुशाल सात कुलपांत ठेवाव्यात. परंतु एखाद्या कामगाराच्या शरीरास वर्षभरात किती किरण लागले, निवृत्त झालेल्यांपैकी किती जणांस रक्ताचा कर्करोग झाला, खाडीच्या मासळीत काय सापडले, यांवरून कोणता शत्रू कोणते क्षेपणास्त्र कोठे रोखणार आहे? ट्रॉम्बे येथे माणसे आजारी पडत आहेत, असा आरोप आम्ही करीत नाही. तसे म्हणण्यास आमच्यापाशी पुरावा नाही. आमची तक्रार हीच आहे, की ‘सारे आलबेल आहे’ असे म्हणणाऱ्यानेही, परक्याने पारखलेला पुरावा आमच्यापुढे ठेवलेला नाही.

रोग दडविण्याचा हा मोह एकट्या भारतासच झाला आहे, असे नव्हे. अण्वस्त्राच्या जन्मापासून तो त्यास चिकटलेला आहे. १९४५ च्या ऑगस्टात हिरोशिमा व नागासाकी भस्म झाली. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत दोन्ही शहरांत मिळून दोन लाखांच्या आसपास माणसे मेली असावीत. हिरोशिमातील बहुतेक वैद्य आणि परिचारिका पहिल्याच घटकेत मेल्या वा जखमी झाल्या. पुढे अमेरिकन अंमलाखाली बाँबसंबंधीच्या लेखनावर नियंत्रण आले, आणि ज्या वैद्यांनी ती विचित्र दुखणी डोळ्यांनी पाहिली त्यांच्या निबंधांनाही त्याची झळ लागली. वाचलेल्यांच्या तपासणीसाठी अमेरिकनांनी एक आयोग नेमला. तो रोग्यांस तपाशी, पण औषध देत नसे! रशियात १९५७ साली उरल पर्वताजवळ प्लुटोनियमच्या कारखान्यातील कचऱ्याची टाकी फुटली आणि हजारो खेडुतांस घरेदारे सोडावी लागली. सोव्हिएत सरकारने ही गोष्ट कबूल केली ती १९८९ साली. बत्तीस वर्षे त्या खेडुतांच्या दुखण्यास नाव नव्हते. अमेरिका आणि रशिया एकमेकांचे कट्टर वैरी. पण आपापल्या रोग्यांचे तोंड बंद करण्यात त्यांचे एकमत होते.

याउलट उदाहरण पाहावयाचे असल्यास तेही अमेरिकेतच सापडते. उघड्या हवेत बाँबच्या चाचण्या होत, तेव्हा स्ट्रॉन्शियम–९० नावाचे द्रव्य पावसाबरोबर कुरणांत उतरे, तेथून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांदातांत शिरे. कारण शरीर त्यास चुन्यासारखेच मानते. सेंट लुईस शहरातील वैद्य, शास्त्रज्ञ आणि गृहिणी यांनी १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यास आरंभ केला आणि सुमारे तीन लाख दात जमविले. त्यांतील स्ट्रॉन्शियमचे प्रमाण चाचण्यांबरोबर वाढत गेल्याचे दिसून आले. लोकमत जागे झाले, आणि १९६३ साली उघड्या हवेतील चाचण्या बंद करण्याचा करार झाला. त्या दातांनी अमेरिकेचे एकही गुपित रशियास कळविले नाही. त्यांनी आयांस मात्र सत्य कळविले.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. ‘अणूने आरोग्याची सेवाच केली नाही काय?’ असे विचारण्यात येते. केली आहे, आणि ती आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. १९४१ साली सुरू झालेले परळचे टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली आहे. आमच्या भागात कर्करोगाचे नाव निघाले, की घरची माणसे ‘टाटा’चाच रस्ता धरतात, आणि कित्येकांचे प्राण तेथे वाचले आहेत. परंतु यातूनच आमचा मुद्दा बळकट होतो. ज्या खात्यापाशी देशातील उत्तमांत उत्तम कर्करोगवैद्य आहेत, त्यास आपल्या कामगारांच्या आरोग्याचा हिशेब दरवर्षी छापणे जड का जावे? वैद्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण वादी आणि पंच एकाच घरचे असले, म्हणजे खऱ्या निवाड्यावरही लोकांचा विश्वास बसत नाही.

तिसरे म्हणणे असे, की हा शहराचा प्रश्न आहे. खेड्यास त्याचे काय? किरणांनी होणारा कर्करोग दुसऱ्या दिवशी दिसत नाही. कित्येकदा दहा-वीस वर्षे लोटतात. तोपर्यंत कंत्राटाचा मजूर आपल्या गावी परतलेला असतो. उद्या असा एखादा मनुष्य आमच्या तालुक्यातील सरकारी दवाखान्यात गाठ दाखवावयास आला, तर डॉक्टराने काय वाचावे? त्याने कोठे काम केले, किती किरण घेतले, याचा कागद त्याच्या हाती नसेल, तर त्याचे दुखणे उसाच्या फडातल्या दुखण्यांत जमा होईल, आणि ट्रॉम्बे येथील पाटी कोरीच राहील. शिवाय खेडुतास आजारपण परवडत नाही. २०२१–२२ च्या राष्ट्रीय आरोग्य-लेख्याप्रमाणे सरकारांचा आरोग्यावरील खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. संरक्षणाच्या नावाने जे गुपित राखले जाते, त्याची किंमत अशा घरास शेतीचा तुकडा विकून मोजावी लागते.

आणि बाँब खरोखरच पडला तर? जागतिक आरोग्य संघटनेने १९८० नंतरच्या दशकात तज्ज्ञांकडून याचा विचार करविला. जगातील कोणतीही आरोग्यव्यवस्था अणुयुद्धाच्या आघातास पुरी पडणार नाही, प्रतिबंध हाच एक उपाय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे याच संघटनेने अशा शस्त्रांच्या कायदेशीरपणाविषयी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयास प्रश्न केला. १९९६ साली उत्तर मिळाले, की हा प्रश्न विचारणे तुमच्या कक्षेत येत नाही. ज्यांनी शेवटी रोगी उचलावयाचे, त्यांना रोगाचे कारण विचारण्याचा अधिकार नाही! राष्ट्रांचे व्यवहार कोणत्या न्यायाने चालतात, हे यावरून वाचकांनी ओळखावे.

आमची मागणी अवाजवी नाही. ट्रॉम्बे येथील सर्व संस्था अणुऊर्जा खात्याबाहेरील, संसदेस जबाबदार असलेल्या मंडळाच्या देखरेखीखाली पुन्हा आणाव्यात. कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कामगारास त्याच्या किरणमात्रेचा दाखला नोकरी सुटताना हाती मिळावा. त्यांच्या आरोग्याची नोंद निवृत्तीनंतरही ठेवून तिचे वार्षिक आकडे, नावे वगळून, प्रसिद्ध व्हावेत. आणि परिसरातील हवा, पाणी व मासळी यांची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळांस करू द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीने बाँबचा एक खिळाही उघडा पडत नाही.

ज्या सुशिक्षित कुटुंबांत हे मासिक वाचले जाते, त्यांतील कित्येक मुले-मुली आज याच खात्यात सन्मानाने काम करीत आहेत. त्यांच्याविषयीच्या अभिमानामुळेच आपण गप्प बसतो. वस्तुतः त्याच अभिमानाने आपण बोलावयास हवे. कारण त्या भट्टीच्या सर्वांत जवळ शत्रू उभा नाही, आपली मुले उभी आहेत. सणसरच्या सरपंचास आम्ही लाल कार्ड दाखवितो आणि दिल्लीच्या सरकारास मात्र ते झाकून ठेवू देतो, यास राष्ट्रनिष्ठा म्हणावयाचे की भित्रेपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्यापुरते उत्तर आम्ही वर दिलेले आहे.