तात्या विंचूवर उगारलेली चुकीची काठी

'झपाटलेला 2' 7 जून 2013 रोजी लागला. तेव्हापासून त्याच्याविषयी दोन वाक्यं ठरून गेली आहेत. परीक्षणांत ती होती, आणि आमच्या मेहरूणच्या तलावावर संध्याकाळी फिरायला येणारी सिनेमावेडी मंडळी आजही तीच ऐकवतात: कल्पना मुळात इंग्रजी चित्रपटाची, आणि लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) नाही म्हणजे जीवच नाही. ही दोन्ही वाक्यं चित्रपट न पाहताही बोलता येतात. माझा राग त्याचाच आहे.

आधी उचलेगिरीचं बघू. टॉम हॉलंड यांचा 'चाइल्ड्स प्ले' 1988 चा, महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' 1993 चा. गोळी लागून मरणारा गुन्हेगार मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, हा सांगाडा तिकडूनच आला, यात वाद नाही. पण अमेरिकेतला बाहुला, चकी, सहा वर्षांच्या पोराच्या हाती पडतो. कोठाऱ्यांनी आपला बाहुला, तात्या विंचू, दिला लक्ष्या बोलकेला, म्हणजे बाहुल्या बोलत्या करणाऱ्या माणसाला! लहान पोराचं म्हणणं मोठी माणसं उडवून लावतात, एवढंच मुळात होतं. इथे बाहुला खरोखर बोलू लागला, तरी आवाज लक्ष्याच काढतोय असंच सगळे म्हणणार. ज्या कलेवर त्याचं नाव चालतं, तीच त्याला खोटं पाडते. ही भीती इंग्रजी चित्रपटात नाही, ती आपल्याकडे घडली. शेवटही तसाच. चकीचा जीव काळजात, तात्या विंचूचा दोन भुवयांच्या मधोमध. देवापुढे गंध लावतो ती जागा मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

आणि तो बाहुला कोणाचा? रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला घडवला, तो चकीच्या कितीतरी दशकं आधी. बोलक्या बाहुल्यांची एवढी जुनी परंपरा घरात असताना तात्या विंचूला नुसती नक्कल म्हणणं हा पाध्यांच्या हातांवर आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजावर अन्याय आहे.

आता लक्ष्या. ती भूमिका करणारे लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी गेले. त्यांच्या जागी दुसरा नट उभा करून तोच लक्ष्या म्हणून खपवणं शक्य होतं. कोठाऱ्यांनी ते केलं नाही. पडद्यावरचा लक्ष्याही गेला, आणि त्याला शोधत आलेल्या तात्याचं वैर त्याच्या लेकाच्या, आदित्यच्या वाट्याला आलं. बापाचं देणं पोराने फेडायचं, ही गोष्ट खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घरात कोणाला नवी आहे? लक्ष्याची उणीव हाच दुसऱ्या भागाचा पाया आहे. तो पाया न बघता 'लक्ष्याची उणीव जाणवते' एवढंच लिहून थांबणं मला अपुरं वाटतं.

सुरीबाज खुन्यांच्या भयपटांवर परीक्षकांचा असा राग सगळीकडेच निघाला. 1980 साली 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, तेव्हा शिकागोचे परीक्षक जीन सिस्केल यांनी खुनी कोण हे परीक्षणातच फोडलं, लोकांनी जाऊच नये म्हणून. पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला. परीक्षकाने प्रेक्षकाचा रस्ता अडवला की प्रेक्षक वळसा घालून जातो, पण दरम्यान भीती कशी घडवली याची चर्चा मात्र राहून जाते.

'झपाटलेला 2' निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तो पहिल्या मराठी थ्री-डी चित्रपटाचा मान घेऊन आला आणि त्या मानाखाली वाकला. पहिल्या भागात भीती होती ती खोलीत बाहुल्याबरोबर एकटं उरण्याची. बाहुला गप्प बसलेला असायचा आणि आपण त्याच्या मानेकडे बघत राहायचो. दुसऱ्या भागात वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर भिरकावण्याची घाई आहे. डोळा दचकतो, पोटात गोळा येत नाही. हा खरा दोष. तो दिग्दर्शनाचा आहे, लक्ष्याच्या मरणाचा नाही की अमेरिकेच्या उधारीचाही नाही.

कोठारे यांनी तिसऱ्या भागाची घोषणा केलेली आहे. तो येईल तेव्हा परीक्षकांना एकच विनंती: मूळ इंग्रजी चित्रपटाचं नाव पहिल्या ओळीत जरूर लिहा, पण बाहुल्याची मान कशी वळते, तो केव्हा गप्प राहतो आणि त्याला बघून कोण का घाबरतं, यावरही निदान एक परिच्छेद लिहा.