मानधन कीं वेठ?

आमचें मारुंजी गांव आतां पूर्वीचें राहिलें नाहीं. शेजारच्या हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि जेथें आमच्या वाडवडिलांनीं शेती केली तेथें आज उंच उंच इमारती उभ्या आहेत. त्या इमारती बांधणारांचीं, त्यांत धुणीं-भांडीं करणारांचीं आणि गांवच्या शेतकरी-सुतार-लोहारांचीं लहान पोरें सकाळीं जातात कोठें? अंगणवाडींत. आम्ही शाळामास्तर. भिंतीपलीकडेच अंगणवाडी भरते, म्हणून तेथें काय चालतें तें आम्हांस ऐकून नव्हे, डोळ्यांनीं पाहून ठाऊक आहे.

अंगणवाडीच्या बाई आमच्या आधीं येतात. मदतनीस बाई झाडलोट करतात, पाणी भरतात, पोरांना घरोघरून हाताला धरून आणतात. मग पोरांचीं गाणीं-गोष्टी, वजनें, खाऊ. दुपारीं गरोदर बायका व बाळंतिणी यांच्या घरीं फेरी. लस टोंचण्याच्या दिवशीं रडणारें पोर यांच्याच मांडीवर. रात्रीं चूल आटोपल्यावर मोबाइलांत नोंदी. वरून कसलीही पाहणी निघाली कीं ती यांच्याच दारीं येते. कागदावर हें काम कांहीं तासांचें आहे. पाहणाराला तें दिवसभराचें दिसतें.

आतां या कामाचा मोबदला पाहा. २०२३ च्या आरंभीं सेविकेस दरमहा ८,३२५ रुपये आणि मदतनिसेस ४,४२५ रुपये मिळत. त्या फेब्रुवारींत संप झाला, तेव्हां कोठें १०,००० आणि ५,५०० झाले. पुन्हा ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस या बाया संपावर बसल्या. पुढें २०२४ सालीं १३,००० आणि ७,५०० झाले. प्रोत्साहन भत्ता म्हणून थोडें वर मिळतें, पण तें अटींवर. आमच्या वाचकांनीं हिशेब करावा. मदतनिसेचे ७,५०० रुपये २६ दिवसांवर वाटले तर रोज २८८ पडतात. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या मजुरीचा दर होता २९७ रुपये. त्या मजुराची मजुरीही कमीच आहे. परंतु गांवचीं लेकरें सांभाळणारीची किंमत सरकारनें त्याहूनही खालीं धरली.

आणि याला नांव काय, तर मानधन! नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा. वेतन हा हक्क आहे, त्याला कायदा लागतो; मानधन ही मर्जी आहे. म्हणून सरकार म्हणतें, या आमच्या नोकर नव्हेत, या मानसेवी बाया. बरें, मानसेवी असतील तर काम थांबवायला मोकळ्या असाव्यात कीं नाहीं? २०१७ सालीं यांनीं जवळजवळ महिनाभर संप केला. त्यानंतर मार्च २०१८ मध्यें यांच्यावर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेंत संपास मनाई करणारा कायदा, लावण्यांत आला. विधिमंडळांत ओरड झाली तेव्हां त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे दाम देतांना ही सेवा हौसेची आणि काम घेतांना अत्यावश्यक! काम हुकमाचें आणि दाम मर्जीचें, याला आमच्या गांवगाड्यांत एकच शब्द होता: वेठ. ज्यांच्या आज्या-पणज्यांनीं वेठ केली आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाहीं.

कोणी म्हणेल, हें काम पत्करलें तेव्हां पगार ठाऊक नव्हता काय? होता. पण या बाया कोण, हेंही पाहा. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणाच्या नवऱ्याची जमीन गेली आणि पैसाही उडाला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तें खरें नव्हे. गरजवंताला निवड नसते. दुसरा म्हणेल, पोरें सांभाळणें हें बायकांचें जातीचेंच काम, त्याला पगार कसला? नांगर धरणें हेंही कुणब्याचें जातीचेंच काम समजत. म्हणून दाण्याला भाव मागूं नये काय? तिसरा म्हणेल, तिजोरींत पैसा नाहीं. पैसा नसतो तेव्हां तो नेहमीं खालच्या माणसाच्याच ताटांतला कां कमी होतो, एवढेंच आम्ही विचारतों.

न्यायालयानेंही हा शब्दांचा खेळ एका जागीं मोडला आहे. २५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गुजरातच्या खटल्यांत ठरविलें कीं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणें ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि त्या कायद्यापुरतें मानधन हें वेतनच होय. त्याहीपूर्वीं २०१३ सालीं सरकार, मालक आणि कामगार यांच्या भारतीय श्रम परिषदेनें शिफारस केली होती कीं योजनांवर राबणाऱ्यांना कामगार समजून किमान वेतन द्यावें. शिफारस कागदावर राहिली. योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. तेव्हांच्या पोरी आज आज्या झाल्या, पण मानधनाचें वेतन झालें नाहीं.

कामाचीं हत्यारेंही तशींच. नोंदीचा सरकारी मोबाइल बिघडे, त्यांतलें पोषण ट्रॅकर इंग्रजींत, आणि नोंद चुकली तर दोष बाईचा. अखेर २०२१ सालीं या बायांनीं ते मोबाइल कचेरींत नेऊन परत केले. शेतकऱ्याला मोडका नांगर देऊन सरळ तास मागण्यासारखाच हा न्याय.

दुसऱ्याला बोलण्यापूर्वीं आमचीही कबुली. मार्च २०२३ मध्यें जुन्या पेन्शनीसाठीं आम्ही मास्तरलोकही संपांत होतों. आमचें म्हातारपण आम्हांस दिसलें; भिंतीपलीकडच्या बाईचें दिसलें नाहीं. आमच्या पहिलींत येणारें पोर तिनेंच बसायला, बोलायला, हात धुवायला शिकवून पाठविलेलें असतें. तिच्या मेहनतीवर आमचा वर्ग चालतो, आणि पगार मात्र भिंतीपाशींच थांबतो. याची आम्हांस लाज वाटते.

मुंबईच्या गिरणी मजुरांस रविवारची सुट्टी १८९० सालीं मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनीं अर्ज, सह्या आणि सभा करून मिळविली. आज हिंजवडीचा साहेबही आठवड्याची सुट्टी भोगतो. एकाचा हक्क असा सर्वांच्या उपयोगी पडतो.

म्हणून आमच्या वाचकांस सांगणें एवढेंच. पुढच्या ग्रामसभेंत ठराव मांडा: सेविका, मदतनीस आणि त्यांच्याच पंक्तीच्या आशाताई यांना कामगार म्हणून किमान वेतन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन मिळावी. ठरावाची नक्कल आमदारांस द्या, आणि मत मागायला येतील तेव्हां उत्तर मागा. पुन्हा संप झाला तर 'पोरांचे हाल झाले' म्हणून बायांना बोल लावूं नका. अंगणवाडीच्या दारीं त्यांच्याशेजारीं जाऊन बसा. आम्ही येऊं. लेकरें आपलीं आहेत, तीं सांभाळणारीही आपलीच आहे.