पुढची गाडी घेण्याआधी, भिवंडीकरांनो

ज्यांच्या घरात किंवा धंद्यात लवकरच नवी गाडी येणार आहे, त्यांना ही कळकळीची विनंती आहे. बुकिंगची रक्कम भरण्याआधी थोडं थांबा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वर्षानुवर्षं बसच्या रांगेत उभ्या असलेल्या अनेक घरांना पहिल्यांदाच गाडी परवडू लागली. त्यांच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. पण खासगी गाडीची नोंदणी एकदा केली की १५ वर्षांची असते. आज शोरूममधून बाहेर पडलेली पेट्रोलची गाडी २०४० सालीही कल्याण नाक्यावर आणि अंजूरफाट्याच्या कोंडीत धूर सोडत उभी असेल. आज बालवाडीत जाणारी पोरं कॉलेजला जाईपर्यंत हाच धूर श्वासात घेतील.

भिवंडीची हवा केवळ गाड्यांनी बिघडवलेली नाही, हे आधी मान्य करायला हवं. साइझिंगच्या चिमण्या आहेत, डाइंग आहेत, वर्षानुवर्षं खणलेल्या रस्त्यांची धूळ आहे, महामार्गावरून रात्रंदिवस जाणारे कंटेनर आहेत. तरीही वंजारपट्टी नाक्यावर सायकलवरून यंत्रमागावर निघालेल्या कामगाराला विचारा. चिमणीचा धूर निदान उंचावरून जातो. पुढच्या टेम्पोचा धूर थेट त्याच्या नाकातोंडात जातो. सूक्ष्म धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या देशाची ४० आहे. म्हणजे सरकारी भाषेत ‘चांगली’ ठरलेली हवासुद्धा फुप्फुसांना पुरेशी चांगली असेलच असं नाही. आणि जो माणूस पायी किंवा सायकलवर आहे, ज्याने यात काहीच भर घातलेली नाही, तोच या धुरात सगळ्यात जास्त वेळ उभा असतो. मला या अन्यायाचा राग येतो आणि हा मजकूर त्याच रागातून लिहिला आहे.

मग पेट्रोलऐवजी काय? जाहिरातींवर विसंबू नका, साधा हिशेब मांडा. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या कोंडीत लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार दर किलोमीटरला १५० ग्रॅमच्या आसपास सोडते. किलोला २२ किलोमीटर देणारी सीएनजी मोटार १२५ च्या घरात येते. तिच्यातून काजळी जवळपास निघत नाही, म्हणून आपल्या नाक्यांसाठी ती पेट्रोल-डिझेलपेक्षा नक्कीच बरी. मात्र गॅसची गळती झाली तर त्यातला मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू आहे. पेट्रोलबरोबर मोठी बॅटरी असलेली हायब्रिड १०५ पर्यंत उतरते, पण ती महाग पडते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्याने आयातीचं तेल वाचतं आणि आपल्याच राज्यातल्या साखर कारखान्यांना गिऱ्हाईक मिळतं, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि उसाला पाणी किती लागतं, हे मराठवाड्यातल्या नातेवाइकांना वेगळं सांगावं लागत नाही. हायड्रोजनची गाडी भिवंडीच्या रस्त्यावर यायला वेळ आहे, तिची वाट बघत बसू नये.

आणि विजेची गाडी? इथे विकणारे अर्धंच सांगतात. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. देशाच्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला आणि युनिटला सहा किलोमीटर मिळाले, तर विजेची मोटारही किलोमीटरला १२० ग्रॅमचा वाटा उचलते. तो धूर भिवंडीत निघत नाही, औष्णिक केंद्राच्या आसपासच्या गावांत निघतो. तरीही मी तिच्याच बाजूने आहे, कारण पेट्रोलची गाडी जुनी होईल तसतशी जास्त धूर सोडते, आणि विजेची गाडी मात्र वीज सुधारेल तशी सुधारत जाते. आज १२० ग्रॅमवर असलेली गाडी दहा वर्षांनी, तीच, न बदलता, कदाचित अर्ध्यावर असेल. दुचाकीत तर फरक आजच दिसतो: पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला ५० ग्रॅम, विजेची २५ च्या आत. खर्चात तर तुलनाच नाही. लिटरला शंभर रुपयांच्या वर मोजणाऱ्या स्कूटरवाल्याला किलोमीटरमागे सव्वादोन रुपये पडतात, घरी चार्ज करणाऱ्याला चाळीस पैशांच्या आसपास.

पण माझं खरं म्हणणं मोटारीविषयी नाहीच. कोणती गाडी आधी बदलायची, हे तिच्या किमतीवरून ठरवू नका. ती रोज किती किलोमीटर धावते यावरून ठरवा. कामतघरच्या एखाद्या कुटुंबाची मोटार आठवडाभर झाकून ठेवलेली असते आणि रविवारी वज्रेश्वरीला जाऊन येते. राहनाळच्या गोदामातला टेम्पो मात्र रोज ऐंशी-शंभर किलोमीटर धावतो, तोही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत. बदलायचा तर आधी तो टेम्पो.

आणि टेम्पो बदलायला भिवंडीइतकं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गालगत म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, वळ, मानकोलीच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. जकात २०१७ मध्ये गेली, गोदामं वाढतच राहिली. इथला माल ठाणे, मुलुंड, कल्याण, डोंबिवलीत जातो आणि संध्याकाळपर्यंत गाडी परत येते. ही सगळी धाव विजेच्या तीनचाकी मालगाडीच्या आवाक्यातली आहे. आपण ज्याला छोटा हत्ती म्हणतो, त्याचीही विजेवरची गाडी २०२२ मध्ये आली. गाडी रात्री गोदामातच उभी असते, म्हणजे चार्जिंगसाठी वेगळी जागा शोधायची गरज नाही.

आता डोक्यावरचं छप्पर पाहा. एक किलोवॅट सौर पॅनेलना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. म्हणजे हजार चौरस फुटांत रोजची चाळीस युनिटं. दहा युनिटांच्या आसपास बॅटरी असलेल्या चार तीनचाकी गाड्या रोज पूर्ण भरतील एवढी ती वीज आहे, तीही कोळशाशिवाय. आपल्याकडे वीस-वीस, पन्नास-पन्नास हजार फुटांची पत्र्याची छपरं नुसती तापत पडली आहेत. काल्हेर-कशेळीच्या आगरी बांधवांनो, या जमिनी आणि पुष्कळशी गोदामं तुमची आहेत. भाडेकरार नव्याने करताना छपरावर सौर पॅनेल आणि आवारात चार्जिंगची सोय, ही दोन कलमं घाला. पत्रा आणि कैच्या वजन पेलतील का, हे इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या. बऱ्याच जुन्या शेडना मजबुती द्यावी लागेल.

रिक्षावाल्या भावांना मी दोष देणार नाही. भिवंडीत शेअर रिक्षा नसती तर माणसं घरीच बसली असती. बहुतेक रिक्षा सीएनजीवर आहेत आणि गॅसच्या रांगेत रोजची कमाई जाते. जुनी रिक्षा मोडीत काढायची वेळ आली असेल तरच विजेचा विचार करा, धडधाकट गाडी विकून कर्ज काढू नका. व्याजदर दोन ठिकाणी विचारा, बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर हे कागदावर घ्या.

सावधगिरीच्या दोन गोष्टी आपल्याच गावाच्या आहेत, म्हणून जोर देऊन सांगतो. पहिली पावसाची. कामवारी नदीचं पाणी चढलं की तीन बत्ती, भाजी मार्केटचा भाग बुडतो. बॅटरीचा डबा पाणी अडवण्यासाठीच बनवलेला असतो, पण गाडी पाण्यात बुडून राहिली असेल तर ओसरल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. आधी कंपनीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. दुसरी आगीची. गोदामांच्या आगी आपण फार पाहिल्या आहेत. चौथ्या मजल्यावरून खिडकीतून लोंबणारी वायर आणि साधा एक्स्टेंशन बोर्ड यावर गाडी चार्ज करणं म्हणजे संकटाला निमंत्रण आहे. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि गरज असेल तर वाढीव मंजूर भार, एवढं करूनच घ्या. घरच्या जोडणीवर आपली गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. आणि बॅटरी संपली की ती भंगारवाल्याला मुळीच देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. लोकवस्तीतल्या भंगार गोदामात लिथियमच्या बॅटऱ्यांची रास पेटली तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही.

तरीही सगळ्यांनी विजेच्या मोटारी घेतल्या, तर भिवंडीत धूर कमी होईल आणि कोंडी तशीच राहील. २०११ च्या जनगणनेतच शहरात ७ लाख ९ हजार लोक होते, आणि निजामपुऱ्याच्या गल्ल्या तेव्हाही रुंद नव्हत्या. म्हणून माणशी हिशेबात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात स्वच्छ पर्याय अजूनही बस आणि रेल्वे हाच आहे. ठाण्याची आणि कल्याणची परिवहन सेवा आपल्याकडे येते, ठाण्याच्या ताफ्यात विजेच्या बसही आल्या आहेत. पण शहराच्या आत फिरणारी आपली बस कुठे आहे? वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड स्थानक आहे, २०२० पासून तिथून पार्सलच्या गाड्या सुटू लागल्या, माणसांसाठी मात्र दिवसाला मोजक्याच फेऱ्या. मेट्रो ५ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, कापूरबावडी ते धामणकर नाका हा तिचा पहिला टप्पा. मेट्रो धावू लागेल त्या दिवशी स्थानकापर्यंत जायला बस नसेल, तर लोक तिथेही आपापली गाडी घेऊनच जातील.

तेव्हा गाडीचा निर्णय घरात घ्या आणि बस-रेल्वेच्या मागणीचं काम शेजाऱ्यांबरोबर करा. प्रत्येक सोसायटीने, मोहल्ला समितीने, गोदाममालकांच्या संघटनेने महापालिका आयुक्तांच्या नावे एक पानी अर्ज लिहावा. त्यात तीनच मागण्या असाव्यात: अंजूरफाटा, धामणकर नाका, वंजारपट्टी आणि भिवंडी रोड स्थानक जोडणारी विजेची मिडी बस, या रस्त्यांवर चालता येईल असा मोकळा पदपथ, आणि पालिकेच्या स्वतःच्या गाड्या कधीपर्यंत विजेवर येणार याची तारीख. रेल्वेसाठी तसाच दुसरा अर्ज, सकाळ-संध्याकाळच्या वाढीव फेऱ्यांचा, विभागीय व्यवस्थापकांकडे. छापील नमुना फिरवू नका, प्रत्येकाने आपल्या गल्लीची अडचण आपल्या शब्दांत लिहा. आणि आवक-जावक खिडकीवरून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.