चाक कसं असावं, हे मुलांना ठरवू द्या



दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तरी नागपूरला शिकणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची सुट्टी संपली नव्हती. एका सकाळी तो शाळेत आला तो एका फळीवर उभा राहूनच. फळीच्या खाली चार चाकं, पोटाला बॅटरी, हातात रिमोट. इलेक्ट्रिक स्केटबोर्ड म्हणतात त्याला. फाटकापासून हापशीपर्यंत दिमाखात आला, आणि तिथे बोराएवढ्या एका खड्याला पुढचं चाक अडलं. फळी जागेवर थांबली, साहेब मात्र पुढे गेले. गुडघा सोलला, बाकी काही नाही. मुलं पोट धरून हसली, आणि सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, याचे चाकं एवढे लहान कायले?"

त्या प्रश्नाने माझे पुढचे चार शनिवार खाल्ले.

आधी गणित सांगतो, कारण ते दहावीच्या मुलांना पायथागोरसच्या प्रमेयावर करता येतं. खडा 1 सेंटीमीटर उंच धरा, चाक कडक धरा आणि ते खड्याला टेकून थांबलं आहे असं समजा. त्याला खड्यावर चढवायला आसाशी आडवा किती जोर लागेल? चाक 52 मिलिमीटर व्यासाचं असेल, म्हणजे साध्या स्केटबोर्डचं, तर चाकावरच्या भाराच्या जवळजवळ सव्वापट. 83 मिलिमीटरचं असेल तर भाराच्या 86 टक्के. 97 मिलिमीटरचं असेल तर 77 टक्के. आणि आपल्या बंडीचं चार फुटी चाक? फक्त 18 टक्के. फळ्यावर हा शेवटचा आकडा आला तेव्हा वर्ग गप्प झाला. आपल्या आजोबांनी चाक एवढं मोठं का ठेवलं, हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग फळीला बंडीचंच चाक लावा की! तसंही जमत नाही. 83 चं चाक काढून 97 चं लावलं तर एका फेऱ्यात फळी 17 टक्के जास्त अंतर तोडते, म्हणजे वेग वाढतो, पण सुरुवातीची ओढ 14 टक्के कमी होते आणि चढावर मोटर तापते. उभं राहायची जागाही वर सरकते, मग वळताना तोल जातो. शिवाय पट्ट्यावर चालणाऱ्या फळीत पट्ट्याची कप्पी चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकवलेली असते. चाक बदललं आणि आऱ्यांची रचना जुळली नाही, तर ते नुसतं शोभेचं. पुन्हा मऊपणाचा प्रश्न आहेच. ही चाकं पॉलियुरेथेनची असतात. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने हा पदार्थ स्केटबोर्डच्या चाकाला आणला, त्याआधी चाकं लोखंडाची नाहीतर मातीच्या मिश्रणाची असत आणि खड्यावर खडखडत अडत. मऊपणा शोअर ए या मापावर मोजतात. 78 च्या आसपासचं चाक मऊ, खडबडीत रस्त्याचं. 100 च्या आसपासचं कडक, गुळगुळीत फरशीचं. मऊ चाक खड्याला पोटात घेतं, पण लवकर झिजतं.

आमच्या गावच्या सिमेंट रोडचे जोड आणि बाजूची गिट्टी पाहता बाजारातलं कुठलंच चाक त्याला पुरं पडेना. म्हणून तो आणि देशभरातले त्याच्यासारखे काही जण मिळून स्वतःच चाक आखत होते. व्यास, रुंदी, मऊपणा, आरे सगळं ठरवायचं आणि एकदम ऑर्डर द्यायची. एकदमच का? हे गणितही फळ्यावर मांडलं. समजा साचा बनवायला 40,000 रुपये लागतात आणि एका चाकाचा माल-मजुरीचा खर्च 350. एकट्याने चार चाकं मागवली तर एक चाक 10,350 रुपयांना पडतं. दहा जणांनी मिळून चाळीस मागवली तर 1,350 ला. शंभर जणांनी चारशे मागवली तर 450 ला. आलेख काढा, तो 350 कडे वाकत जातो पण टेकत नाही. नववी-दहावीच्या मुलाला ही वक्ररेषा यापेक्षा चांगल्या रीतीने मी आजवर शिकवू शकलो नव्हतो.

पण शंभर जणांचं एकमत करायचं कुणी? पैसे कुणाकडे ठेवायचे? त्याने खालच्या आवाजात सांगितलं, की त्यांच्या पहिल्या खेपेत चाकातलं बेअरिंगचं भोक किंचित सैल निघालं, बेअरिंग बसेना. पैसे गोळा करणाऱ्या पोराने तीन महिने फोन उचलायला भीती बाळगली.

इथे माझं मत सांगतो. विज्ञान प्रदर्शनीच्या आधी दुकानातून तयार मॉडेल आणून त्यावर मुलाचं नाव चिकटवायची जी पद्धत आपल्यात पडली आहे, तिच्यात मुलाच्या वाट्याला ना माप येतं, ना भाव येतो, ना चूक येते. इन्स्पायर मानकमध्ये निवड झालेल्या मुलाच्या खात्यावर 10,000 रुपये येतात. त्यांचा हिशेब किती घरी मुलाने लिहिलेला असतो, हे आपण सगळे जाणतो. (मीही त्यात धुतल्या तांदळाचा नाही.)

स्केटबोर्ड शाळेने घ्यावा असं मी म्हणत नाही. महाग आहे, आणि हेल्मेटशिवाय तर अजिबात नको. आम्ही बेअरिंगची गाडी केली. सातवी-आठवीची 26 मुलं, पाच गट, पाच गाड्या. वर्गणी प्रत्येकी 60, म्हणजे 1,560 रुपये. सोयाबीन घरात पडून होतं, भाव नव्हता, त्यामुळे 60 रुपयेही काही घरांतून दोन हप्त्यांत आले. एका वडिलांनी फाटकातच गाठलं, "सर, पोट्ट्यायले खेळणे बनवाले शिकवता का आता?" मी हो म्हणालो.

चाकाचा व्यास ठरवायला दोन तास भांडण झालं, शेवटी 10 सेंटीमीटरवर मतदान झालं. एका मुलाच्या आजोबांनी, जे एके काळी बंडीची चाकं करायचे, बाभळीच्या तुकड्यांतून वीस चाकं कापून दिली. मजुरी घेतली नाही, चहा घेतला. वर लोखंडी धाव कशी चढवत तेही सांगितलं: धाव जराशी लहान ठेवायची, तापवून फुगवायची, बसवायची आणि पाणी ओतायचं, की ती आवळते. उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा आख्खा धडा पाच मिनिटांत झाला. बेअरिंग 608 नंबरचं, स्केटबोर्डात असतं तेच: आत 8, बाहेर 22, रुंदी 7 मिलिमीटर. सुटं 35 रुपयांना, चाळीस एकदम घेतले तर 25 ला. हजार रुपये गेले. आसासाठी 8 मिलिमीटरची सळी तोडून आणली, 380 रुपये.

सळी बेअरिंगमध्ये जाईना. ती घरबांधणीची सळी, अंगावर कंगोरे असलेली. नाव 8 चं, पण कंगोऱ्यांसकट जास्त भरते. कुणी व्हर्नियर लावून पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. दुकानदार तोडलेली सळी परत कशाला घेईल?

शिल्लक होती 180. गुळगुळीत 8 चे बोल्ट, नटासकट 15 रुपयांना एक, वीस लागणार म्हणजे 300. कमी पडत होते 120 रुपये. खरं सांगतो, माझा हात खिशाकडे गेला होता. 120 रुपयांत विषय मिटला असता, पालकांना कळलंही नसतं. पण मग मुलांनी शिकलं काय असतं? चूक झाली की सर भरतात, एवढंच. मी थांबलो. पालकसभेत मुलांनी वही वाचून दाखवली आणि सळीची चूक स्वतः सांगितली. वाचणाऱ्या मुलीचा आवाज कापत होता, आणि मला वाटलं, आपण हे जास्त ताणलं की काय. दोन पालक कुजबुजलेही.

मागून एक आई उठल्या. बचत गटाचं रजिस्टर त्याच लिहितात. वही हातात घेतली, बेरीज बोटाने तपासली आणि म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे. पण पोरींनो, अगोदर एकच तुकडा आणून का नाही पाह्यला?"

हीच गोष्ट त्या नागपूरच्या पोरांना कुणी विचारायला हवी होती. मी त्याला फोन करून सांगितलं. तो हसला, म्हणाला, आता चारच चाकांचा नमुना आधी मागवतोय. नमुन्याचा खर्च कुणी सोसायचा यावर मात्र त्यांचं अजून ठरलेलं नाही.

आमच्याकडे प्रत्येकी 5 रुपये पुन्हा जमले. वाकडी तोडलेली सळी शाळेच्या परसबागेत वालाच्या वेलाला लावली. पाचपैकी चार गाड्या नीट चालतात, पाचवी डावीकडे ओढते आणि तो गट अजून तिच्या मागे आहे. वहीत शिल्लक 10 रुपये आहेत. त्यांचं काय करायचं, यावर पुढच्या शनिवारी मतदान आहे.