शोधसूची आणि वाचकाची भाषा

विसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरकडील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास ताडपत्रांची एक पोथी दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली, ओळखली आणि १९०९ मध्ये कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' छापून प्रसिद्ध केले. पोथी ग्रंथालयात येणे आणि ग्रंथ सापडणे या दोन भिन्न घटना होत. त्यांना जोडणारा दुवा तेव्हा एक जाणता ग्रंथपाल होता. आज बहुधा संगणकाच्या पडद्यावरील एक रिकामी चौकट असते.

याच नगरात १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि तेथूनच २०१६ मध्ये 'भारतवाणी' हे संकेतस्थळ सुरू झाले. अनेक भाषांतील मजकूर त्यामुळे पडद्यावर आला, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु मजकूर असणे म्हणजे तो गवसणे नव्हे. मराठीचेच पाहावे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या ग्रंथांत मात्र 'कांहीं' आणि 'नांव' आहेत, तर आजचा वाचक 'काही' आणि 'नाव' लिहितो. 'देऊळ' शोधणाऱ्यास 'देवळात', 'शिरवाडकर' शोधणाऱ्यास 'कुसुमाग्रज' आणि 'ज्ञानेश्वरी' शोधणाऱ्यास 'भावार्थदीपिका' लाभली पाहिजे. 'ऱ्य' हे जोडाक्षर तर संगणकात दोन प्रकारे साठवता येते. डोळ्यांना ते एकच, यंत्राला मात्र दोन.

अभ्यासकाने अचूक रूप शिकून यावे, असे यावर कोणी म्हणेल. पण एकोणिसाव्या शतकातील मुद्रकाने कोणते रूप स्वीकारले, हे पाहण्यासाठीच तर तो आलेला असतो! शिवाय 'काही आढळले नाही' हे यंत्राचे उत्तर 'असे काही नाहीच' या निष्कर्षात सहज रूपांतरित होते, आणि असा निष्कर्ष प्रबंधात शिरला की त्याचे निराकरण कठीण.

मूळ लेखन बदलावे, असा याचा अर्थ नव्हे. नोंदीत ग्रंथाचे रूप जसेच्या तसे राहावे. शोधाने मात्र सर्व रूपे मान्य करावीत. रंगनाथनांनी १९३१ मध्येच प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा हे सूत्र मांडले होते. त्या सूत्राशी इमान राखायचे, तर शोधसूचीच्या रचनाकारांनी प्रथम वाचकाशेजारी बसून त्याचे फसलेले शोध टिपले पाहिजेत. शामशास्त्रींची जागा घेणाऱ्या यंत्राकडून एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.