पाचशे तासांचा हिशोब

प्रति,
एरिया मॅनेजर साहेब,
औषध दुकानांची एक साखळी,
भिलाई-दुर्ग विभाग

विषय : डी. फार्म.च्या शिकाऊ मुलामुलींचं मानधन, कामाचे तास आणि अडवून ठेवलेली प्रमाणपत्रं

आदरणीय सर,


हेच पत्र मी आधी तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव आणि कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. सुपेला, पॉवर हाउस, नेहरूनगर, दुर्ग, जिथे जिथे माझ्याबरोबरची मुलं ट्रेनिंगला होती, तिथून हीच तक्रार ऐकली. दुकानावरच्या पाट्या तेवढ्या वेगळ्या. पण तुम्ही वाचलंत तर हे कोणाला लिहिलं आहे ते तुम्हाला पहिल्या चार ओळींतच कळेल.

माझं आडनाव ऐकून तुम्ही मराठीत विचारलं होतंत, "नागपूरकडचे का तुम्ही?" मी म्हटलं, आजोबा गोंदियाचे, स्टील प्लांट उभा राहत होता तेव्हा भिलाईला आले. तुम्हाला आनंद झाला. म्हणालात, "मग तू घरचीच. घर समजून काम कर, बाकी मी बघतो." इतक्या आपुलकीने बोलणाऱ्या मोठ्या माणसाला मानधन किती ते कसं विचारायचं? मी विचारलं नाही. मला सगळ्यात जास्त दुखलं आहे ते इथे. कंपनीचा नियम म्हणून राबवून घेतलं असतंत तर राग आला असता आणि गेला असता. तुम्ही आपल्या भाषेचा आधार घेऊन राबवून घेतलंत.

वाचकांसाठी थोडं सांगते. डी. फार्म. हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा. परीक्षा पास झालं तरी तो लगेच हातात पडत नाही. त्याआधी दवाखान्याच्या औषध विभागात किंवा औषध दुकानात काम शिकावं लागतं. भारतीय फार्मसी परिषदेच्या 1991 च्या शिक्षण नियमांत त्याचं माप आहे : किमान 500 तास, किमान तीन महिन्यांत, आणि त्यातले किमान 250 तास डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध प्रत्यक्ष देण्यात. 2020 च्या नव्या नियमांनी 500 तास आणि तीन महिने तसेच ठेवले. ट्रेनिंग पुरं झाल्याची दुकानाची सही नसेल तर डिप्लोमा नाही. डिप्लोमा नसेल तर राज्याच्या फार्मसी परिषदेत नोंदणी नाही. आणि नोंदणी नसेल तर 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नाही. दोन वर्षांची फी, बाबांनी काढलेलं कर्ज, सगळं एका सहीवर अडून असतं. सर, ती सही तुमच्या हातात होती.

रविवार सोडून तीन महिन्यांत 500 तास वाटले, तर रोजचे साधारण साडेसहा तास होतात. आम्ही सकाळी दहा ते रात्री नऊ दुकानात असायचो, मध्ये जेवायला अर्धा तास. काउंटरमागे बसायला स्टूलसुद्धा नव्हतं, कारण बसलेला माणूस गिऱ्हाइकाला बरा दिसत नाही असं तुमच्या ट्रेनिंग मॅडम सांगून गेल्या होत्या. या हिशोबाने 500 तास दोन महिन्यांच्या आत भरतात. माझे भरले. तीन महिनेही पुरे झाल्यावर सही मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "दिवाळीची गर्दी होऊन जाऊ दे, मग बघू."

ट्रेनिंग सुरू होताना एक करारपत्र भरतात. त्यातला एक भाग दुकानाच्या प्रमुखाने सही करायचा असतो. तो कबूल करतो की या विद्यार्थ्याला कायद्याने ठेवायच्या नोंदी शिकवीन. चिठ्ठी वाचणं, मात्रा तपासणं, औषध देणं आणि साठवणं शिकवीन. आणि मार्गदर्शनाला एक नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमून देईन. माझ्या फॉर्मवर तुमच्या दुकानाचा शिक्का आणि सही आहे. चला, एकेक वचन तपासू.

नोंदी. शेड्यूल एच-1 मधल्या औषधांचं, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, सवय लागणारी औषधं यांचं वेगळं रजिस्टर 1 मार्च 2014 पासून सक्तीचं आहे. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं विक्रीच्या वेळीच लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. आमच्या दुकानात ते महिनाअखेरीला एका बैठकीत भरलं जायचं. इन्चार्ज बिलं बघून सांगत आणि मी लिहून काढत असे. नोंदींचं माझं शिक्षण एवढंच.

साठवण. इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंशांत आहे का, लाइट गेली तर काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नाही. मी शिकले खोकी उतरवायला, रॅक पुसायला आणि ऑफरमधले फेसवॉश दाराजवळ मांडायला.

मार्गदर्शन. ज्यांचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत भिंतीवर होतं, ते फार्मासिस्ट सर दुपारी चारला निघायचे. त्यानंतर रात्री नऊपर्यंत काउंटरवर आम्ही शिकाऊच. 1945 चे औषध नियम सांगतात की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. मला कायदा अजून फार्मासिस्ट मानत नव्हता, आणि संध्याकाळभर लोकांची औषधं माझ्या हातून जात होती. रात्री घरी गेल्यावर कितीतरी वेळ दिवसभरातल्या स्ट्रिपा डोळ्यांसमोर यायच्या. आपण बरोबर ताकद दिली ना, पाचची की दहाची? त्या सरांना मी दोष देत नाही. त्यांचाही पगार तुटपुंजाच होता. दुसऱ्या शिफ्टला दुसरा फार्मासिस्ट ठेवायचा तर त्याचा पगार द्यावा लागतो. तो पगार कंपनीने वाचवला आणि त्याचा भार आमच्यावर आणि गिऱ्हाइकांवर टाकला.

एक संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल, कारण त्या दिवशी तुम्ही दुकानात होतात. प्लांटमधून रिटायर झालेले एक काका आले होते. हातात दोन चिठ्ठ्या : एक सेक्टर 9 च्या हॉस्पिटलची, एक खाजगी डॉक्टरची. पहिली औषधं घरात होती, दुसरी घ्यायला आले होते. दोन्ही चिठ्ठ्यांवर बीपीची गोळी होती. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, पण आत एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन. मी विचारलं, "काका, या दोन्ही घेणार का?" ते म्हणाले, "डॉक्टरनं लिहिलंय तर घेणारच ना, बेटी." मी दुसऱ्या चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन लावला. रांग थांबली. तुम्ही मागून आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तू डॉक्टर आहेस का? बिल कर आणि पुढचं बघ." तेवढ्यात फोन लागला आणि डॉक्टरांनी स्वतःची गोळी बंद करायला सांगितली. काका मला आशीर्वाद देऊन गेले. रात्री दुकानाच्या ग्रुपवर दिवसाच्या विक्रीचा आकडा पडला, तेव्हा माझ्या नावापुढे तुम्ही लाल खूण केलीत.

सर, रुग्णाला औषध समजावून सांगणं हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. 250 तास ज्यासाठी ठेवले आहेत, ते काम मी त्या संध्याकाळी केलं. त्याचीच मला शिक्षा झाली. शाबासकी मिळायची ती प्रोटीन पावडरचा डबा खपवला तर, बीपीच्या गोळीबरोबर मल्टिव्हिटॅमिनची बाटली चढवली तर. शिकाऊ मुलीला विक्रीचं टार्गेट कुठल्या नियमात बसतं, ते मला समजावून सांगा.

आता पैशांचं. ट्रेनिंगचे तीन महिने मानधन शून्य. ते संपल्यावर, सही अडलेली असताना, "ट्रेनी" म्हणून महिना 5,000 रुपये. त्या शून्याच्या काळातच स्टॉक तपासणीत माल कमी भरला आणि तुटीची रक्कम दुकानातल्या सगळ्यांवर समान वाटली गेली. माझ्या वाट्याला 840 रुपये आले. पगारच नव्हता, त्यामुळे कापता येईना. मला घरून आणून भरायला सांगितलं. आईने डबे करून मिळवलेल्या पैशांतून काढून दिले. दुकानात काम करायचे पैसे मी तुम्हाला दिले, सर. त्याची पावतीसुद्धा मला मिळाली नाही.

आमच्या गल्लीतला आयटीआय झालेला मुलगा प्लांटमध्ये अ‍ॅप्रेंटिस आहे. त्याला दर महिन्याला स्टायपेंड मिळतो, तास ठरलेले आहेत, सुट्ट्या ठरलेल्या आहेत, कारण 1961 चा अ‍ॅप्रेंटिस कायदा त्याच्या पाठीशी आहे. 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार डिप्लोमाधारक शिकाऊला महिना किमान 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये ठरले. तुम्ही म्हणाल, तुमचा करार त्या कायद्याखालचा नाही. बरोबर आहे. आमच्या नियमांत तासांचा आकडा आहे, मानधनाचा नाही. पण कायद्याने भाग पाडलं नाही म्हणजे द्यायचंच नाही, हे कंपनीने स्वतः ठरवलं. लोखंड घडवायला शिकणाऱ्याचे श्रम मोलाचे आणि औषध द्यायला शिकणारीचे फुकट, याचं कारण काय?

आठवड्याच्या सुट्टीचंही तसंच. 13 फेब्रुवारी 2025 पासून छत्तीसगडमध्ये दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा लागू झाला. दुकान चोवीस तास उघडं ठेवायची मुभा त्यात आहे आणि कामगाराला आठवड्याची सुट्टीही आहे. पण तो 10 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. आधीचा 1958 चा कायदा लहान दुकानांनाही धरून होता. तुमच्या साखळीत हजारो माणसं आहेत, एकेका दुकानात मोजली तर पाच-सहाच भरतात. सुट्टी मागितली की "आपल्याला तो कायदा लागत नाही" हे उत्तर तयार असायचं. रात्री नऊनंतर सुपेल्याहून खुर्सीपारला जायला शेअर ऑटो मिळेपर्यंत आम्ही दोघी मुली रस्त्यावर उभ्या राहायचो. घरची म्हणवलेल्या मुलीची एवढी चौकशी तरी तुम्ही करायला हवी होती.

तुम्ही नेहमी म्हणायचात, "इतर ठिकाणी तर सहीचेच पैसे घेतात, आम्ही शिकवतो तरी." शेजारी जास्त वाईट वागतो म्हणून आपलं वागणं चांगलं ठरत नाही. शिकवल्याचं म्हणाल तर मला जे आलं ते कॉलेजच्या सरांनी आणि त्या काकांसारख्या रुग्णांनी शिकवलं. पैशांचं बोलणाऱ्या मुलांना तुम्ही लोभी म्हणालात, तेही मनाला लागलं. हे गाव भिलाई आहे, सर. कामगार नेते शंकर गुहा नियोगी इथल्या ठेका कामगारांना जगण्यापुरती मजुरी मिळावी म्हणून लढत होते. 28 सप्टेंबर 1991 ला त्यांना झोपेत गोळी घातली. 1 जुलै 1992 ला पॉवर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. बाबा स्वतः ठेका कामगार. कामाचा मोबदला मागणं म्हणजे हावरटपणा, असं आमच्या घरात कधी कोणी शिकवलं नाही.

माझी सही अखेर मिळाली. नोंदणीही झाली. आता माझ्या नावाचं प्रमाणपत्र आहे आणि त्याच्या जोरावर, स्पष्ट शब्दांत, मी पुढच्यांसाठी मागते आहे.

शिकाऊ मुलांना पहिल्या महिन्यापासून अ‍ॅप्रेंटिस नियमांतल्या डिप्लोमाधारकाइतकं तरी मानधन द्या. रोज किती तास आणि त्यात काय शिकवलं, याची वही ठेवा आणि त्यावर फार्मासिस्टची रोजची सही घ्या. 500 तास आणि तीन महिने भरले की आठवड्याच्या आत, कुठलीही अट न घालता, प्रमाणपत्र द्या. फार्मासिस्ट हजर नसताना शिकाऊला काउंटरवर एकटं उभं करू नका. विक्रीचं टार्गेट आणि स्टॉकच्या तुटीची वसुली त्यांच्यावरून काढून टाका. आठवड्याची एक सुट्टी द्या, बसायला स्टूल द्या, रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलींच्या घरी पोचण्याची सोय करा.

भारतीय फार्मसी परिषदेला आणि राज्य परिषदेलाही माझी विनंती आहे. तासांच्या आकड्याशेजारी मानधनाचा आकडा नियमांत लिहा. एमबीबीएसच्या इंटर्नला स्टायपेंड मिळतो. औषध रुग्णाच्या हातात देणाऱ्यालाही मिळायला हवा. ज्या दुकानांना ट्रेनिंगसाठी मान्यता देता, तिथे अधूनमधून संध्याकाळी चारनंतर जाऊन बघा. कॉलेजांनीही विद्यार्थ्याला दुकानात पाठवून हात झटकू नयेत.

आणि माझे 840 रुपये परत करा, सर. रक्कम लहान आहे, पण ती आईची आहे. त्या तपासणीत माझ्याबरोबरच्या ज्या शिकाऊ मुलांकडून पैसे घेतले, त्यांचेही द्या. नवी बॅच लवकरच तुमच्या दुकानांत येईल. त्यांच्याशी कुठल्याही भाषेत बोला, पण मानधन किती आणि सही कोणत्या तारखेला, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. या वेळी मला लेखी उत्तर हवं आहे.

कळावे,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
भिलाई