नांव कळलें म्हणजे ओळख पटली काय?

लुई माल ह्या फ्रेंच दिग्दर्शकाचा सन १९५८ सालीं प्रदर्शित झालेला ‘आसांसर पूर लेशाफो’ हा चित्रपट पाहून आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, “सर, अगदीं शेवटीं जें जॅझ वाजतें, त्याचें नांव काय?” आम्हीं उलट विचारिलें, “त्या वेळीं पडद्यावर काय दिसतें?” तो म्हणाला, “छायाचित्रकाराची अंधारखोली. चित्रपटभर जीं दोघें एकमेकांस भेटत नाहींत, तीं द्रावणांतल्या छायाचित्रांत एकत्र दिसतात.”

उत्तर त्याच्याच मुखांत होतें. ह्या संगीताच्या तबकडीवरील नांवें बहुतेक प्रसंगांवरूनच दिलेलीं आहेत. त्यांत ‘शे ल फोतोग्राफ द्यु मोतेल’, म्हणजे ‘मोटेलच्या छायाचित्रकाराकडे’, हें नांव त्यास तेव्हांच सांपडलें. कार्य झालें असें समजून तो जावयास निघाला. तेथेंच आम्हीं त्यास थांबविलें.

आमचें मत असें कीं, नांव ही बरणीवरील चिठ्ठी होय. आंतील पदार्थाची चव तीवरून कळत नाहीं. हें संगीत सन १९५७ च्या डिसेंबरांत, ४ व ५ तारखांच्या दरम्यानच्या रात्रीं, पॅरिस येथें ध्वनिमुद्रित झालें. माइल्स डेव्हिस ह्यानें स्वरसंगतींचे कांहीं मोजके आराखडे मात्र हातीं घेतले होते. बाकी सारें पडद्यावरील दृश्यें पाहत पाहत तेथल्या तेथें सुचलें. सन १९८८ सालीं त्या रात्रीचे निरनिराळे प्रयत्न प्रसिद्ध झाले. त्यांत हीच रचना ‘फिनाल’ ह्या नांवानें आढळते, व ती तिसऱ्या वेळची आहे. शिवाय पहिल्या तबकडीवर मागाहून चढविलेला घुमारा तींत नाहीं. रचना एकच, परंतु नांवें दोन आणि नाद दोन! केवळ नांवावर विसंबणारा येथें खास फसेल.

कोणी म्हणेल, “गाणें गोड लागलें, इतकें पुरे, ही उठाठेव कशास?” आमच्या मतें ही कृतघ्नता आहे. ट्रम्पेटवादक डेव्हिसचें नांव जो तो घेतो. परंतु त्या रात्रीं सॅक्सोफोनवर बार्नी विलेन, पियानोवर रने उर्त्रेजे, बासवर पिएर मिशलो आणि ड्रमवर केनी क्लार्क हे होते, ह्याचें स्मरण किती जण ठेवितात? ज्यांच्या श्रमाचा आस्वाद घ्यावयाचा, त्यांचीं नांवें जाणून घेणें हा शिष्टाचार नव्हे, तें ऋण आहे.

यास्तव आमच्या विद्यार्थ्यांनीं एकादी रचना आवडल्यास तीन प्रश्न विचारावे: ती कोणत्या प्रसंगीं वाजली, कोणीं वाजविली, आणि कशी घडली? यंत्रास विचारून क्षणांत मिळालेलें नांव हा शोधाचा आरंभ होय, शेवट नव्हे.

आठ दिवसांनीं तो विद्यार्थी पुन्हा आला तो नवाच प्रश्न घेऊन: “सर, तिसऱ्या वेळचेंच कां घेतलें? पहिल्या दोन वेळीं काय उणें होतें?” हा प्रश्न आम्हांस पहिल्याहून फार मोलाचा वाटला. आम्हीं त्यास तीनही प्रयत्न ओळीनें ऐकावयास बसविलें, आणि आम्हीही शेजारीं बसलों.